कात टाकल्यानंतर

भिसेगाव कर्जत स्टेशनजवळ आहे, आणि समुद्र इथून बराच लांब आहे. कोळंबी आणि चिंबोऱ्यांच्या कवचावरच्या पुस्तकाने अलिबाग किंवा वर्सोवा सोडून इथून का सुरुवात करावी, असे वाचकाला वाटेल. या पुस्तकाचा सगळा भर ज्या एका गोष्टीवर आहे, ती समुद्रकाठी लपून जाते आणि कर्जतच्या ओढ्यात उघडी पडते, हे त्याचे उत्तर. कात टाकलेल्या प्राण्याला कवच पुन्हा कडक करायला कॅल्शियम लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. जगातल्या नद्यांची सरासरी काढली तर लिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे उल्हास नदीतली कोळंबी, ओढ्यातली चिंबोरी आणि भाताच्या बांधात बीळ करून राहणारा मुठा जे काम करतात, तेच काम त्यांचे समुद्रातले भाऊबंद सुमारे पंचवीसपट खनिज भोवती असताना करतात. इथल्या प्राण्याला कॅल्शियमचा कण न् कण शोधावा, राखावा आणि पुन्हा वापरावा लागतो. तो हे कसे साधतो, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

कवच वाढत नाही, ही मूळ अडचण. आतला जीव वाढतो, बाहेरचे कवच आहे तेवढेच राहते, म्हणून ते टाकून मोठे करावे लागते. लहानपणी काही दिवसांनी, मोठेपणी वर्षातून मोजक्या वेळा, पण आयुष्यभर. पिएर द्राक या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९३९ साली या चक्राचे पाच टप्पे पाडले. दोन कातींमधल्या काळाकडे ‘विश्रांती’ म्हणून न बघता सलग चालणारी तयारी म्हणून बघायला त्याने शिकवले. आजही कोळंबीच्या शेपटीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून अभ्यासक ती कोणत्या टप्प्यात आहे ते याच पद्धतीने ठरवतात.

कात कधी टाकायची हे डोळ्यांच्या देठात ठरते. तिथल्या एका ग्रंथीतून कात रोखून धरणारे संप्रेरक सतत पाझरत असते. ते कमी झाले की डोक्याच्या भागातली दुसरी ग्रंथी कात घडवणारे संप्रेरक रक्तात सोडू लागते. चार्ल्स झेलेनी याने १९०५ सालीच पाहिले होते, की खेकड्याच्या डोळ्यांचे देठ काढले तर दोन कातींमधले अंतर कमी होते. पुढे याच ज्ञानाच्या आधारे कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत मादीचा एक डोळा कापून तिला लवकर अंड्यावर आणण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत मला क्रूर वाटते, आणि तिच्याशिवाय बीज तयार करण्याचे जे प्रयत्न जगभर चालू आहेत ते यशस्वी व्हावेत असे मनापासून वाटते.

संप्रेरकाचा निरोप पोचला की जुन्या कवचाखालची त्वचा त्यापासून सुटी होते आणि नव्या कवचाचे बाहेरचे दोन थर विणायला घेते. त्यांतला आतला थर कायटिनच्या तंतूंचा आणि प्रथिनांचा असतो. तंतूंचे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक पापुद्र्यातल्या तंतूंची दिशा खालच्यापेक्षा थोडी फिरलेली असते. प्लायवूडमध्ये लाकडाच्या रेषा आडव्या-उभ्या ठेवून ताकद आणतात, तेच तत्त्व इथे कितीतरी बारीक पायऱ्यांनी वापरलेले आहे. ईव्ह बुलिगाँ यांनी ही रचना उलगडली आणि ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तडा गेलाच तर त्याला सरळ वाट मिळत नाही; प्रत्येक पापुद्र्याला वळावे लागते आणि वळता वळता त्याचा जोर संपतो.

त्याच वेळी जुन्या कवचातून खालच्या बाजूने खनिज आणि कायटिन विरघळवून परत घेणे चालू असते. जिथून कवच फाटायचे त्या रेषांवर हे काम सर्वांत जास्त होते. परत घेतलेले कॅल्शियम ठेवायचे कुठे, इथे समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे रस्ते वेगळे होतात. समुद्रातला खेकडा त्यातले बरेचसे सोडून देतो, कारण उद्या ते भोवतीच्या पाण्यातून पुन्हा मिळणारच असते. युरोपातल्या नद्यांमधला क्रेफिश मात्र जठराच्या भिंतीत चुन्याच्या दोन चकत्या बनवून त्यात साठा करतो. या चकत्यांना तिकडे ‘खेकड्याचे डोळे’ म्हणत आणि जुन्या काळी औषधविक्रेते त्या विकत असत. भारतात क्रेफिश मूळचा नाही. आपल्याकडे गोड्या पाण्यात आहेत त्या चिंबोऱ्या आणि कोळंबी. आपल्या चिंबोऱ्या ज्या कुळातल्या आहेत, त्याच कुळातल्या, पूर्वी होल्थुइसाना म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑस्ट्रेलियन चिंबोरीत आणखी एक युक्ती सापडली: कात जवळ आली की ती कॅल्शियम रक्तातच साठवते. बारीक कणांच्या रूपात ते इतके वाढते की रक्त दुधाळ दिसू लागते. साठवायला वेगळी जागा नाही, म्हणून वाहत्या रक्तालाच कोठार करणे, ही कल्पना मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते.

प्रत्यक्ष कात टाकण्याचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या प्रकरणात तो चित्रांसह आहे. पाठीचे कवच आणि पोट यांच्या सांध्यावर फट पडते आणि चिंबोरी मागच्या मागे सरकत जुन्या कवचातून बाहेर येते. नांग्यांचे मांस अरुंद सांध्यांतून ओढून काढायचे असते. म्हणून आधीचे काही दिवस नांग्यांतले स्नायू आक्रसलेले असतात. बाहेरच्या कवचाबरोबर कल्ल्यांवरचे आवरण, डोळ्यांवरचा पापुद्रा, जठराचे अस्तर आणि त्यातले अन्न दळणारे दातही सुटून येतात. टाकलेली कात हातात घेतली तर चिंबोरीचा एकही तपशील तिच्यात चुकलेला नसतो.

कोळंबीच्या बाबतीत इथे एक जुना प्रयोग सांगितल्यावाचून राहवत नाही. तोल सांभाळण्यासाठी तिच्या मिशांच्या बुडाशी लहान पोकळी असते आणि तिच्यात वाळूचे कण असतात. कातीबरोबर तेही जातात आणि कोळंबी नवे कण भरून घेते. अलॉइस क्राइडल याने १८९३ साली कात टाकलेल्या कोळंब्यांना वाळूच्या जागी लोखंडाचा कीस दिला. त्यांनी तो भरून घेतला. मग वरून चुंबक धरला, तर त्यांनी पोटाची बाजू वर केली. खाली काय आणि वर काय, हे हा जीव प्रत्येक कातीनंतर नव्याने उचललेल्या चार कणांवरून ठरवतो.

बाहेर पडताच प्राणी पाणी शोषून फुगतो. नवे कवच अजून मऊ आणि सुरकुतलेले असते, ते ताणले जाऊन वाढीव मापाचे होते. पुढे हळूहळू त्या पाण्याची जागा मांस घेते. नुकती कात टाकलेली चिंबोरी कालवणात पाणचट लागते ती यामुळे. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असे कोकणात सर्रास म्हटले जाते. भरती-ओहोटीत राहणाऱ्या अनेक प्राण्यांची कात चंद्राच्या चक्राशी जोडलेली असते आणि कोळंबीच्या तळ्यांवरची माणसेही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कातीवर लक्ष ठेवतात, तेव्हा खाडीकाठी या समजुतीला आधार आहे. कर्जतच्या ओढ्याला भरती येत नाही. इथे चिंबोरी भरली आहे की नाही हे तिथी बघून ठरवण्यापेक्षा तिच्या कवचाच्या कडेला अंगठ्याने दाबून बघणे जास्त खात्रीचे, आणि पावसात चिंबोऱ्या धरणारी माणसे तेच करतात.

आता कडक होण्याची क्रिया. ती दुहेरी असते आणि हे दोन भाग वेगळे समजून घेतले नाहीत तर गोंधळ होतो. पहिल्या भागात कवचातली प्रथिने एकमेकांना घट्ट बांधली जातात. झुरळाचे किंवा भुंग्याचे कवच बहुतांशी एवढ्यावरच टणक होते. चिंबोरी आणि कोळंबीत याच्या जोडीला दुसरा भाग येतो, तो खनिज भरण्याचा.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. बाहेरचे दोन थर तर कातीच्या आधीच तयार असतात आणि कॅल्शियमही रक्तात हजर असते, मग ते आधीच कडक का होत नाहीत? झाले असते तर प्राणी जुन्या कवचात कायमचा अडकला असता. नव्या थरात स्फटिक धरू न देणारी प्रथिने असतात, हे त्याचे उत्तर. कातीनंतर काही तासांत त्यांच्यात बदल होतो आणि अडसर दूर होतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या निळ्या खेकड्यावर रॉबर्ट रोअर आणि रिचर्ड डिलमन यांनी यासंबंधी दीर्घकाळ काम केले. त्या खेकड्यात दोन-तीन तासांतच खनिज धरू लागते. सुरुवात कवचाच्या आतल्या षट्कोनी जाळीच्या भिंतींवर होते आणि तिथून ते आत पसरते.

कल्ले पाण्यातून कॅल्शियम ओढून घेतात, रक्त ते त्वचेपर्यंत नेते आणि त्वचेच्या पेशींचे अतिबारीक फाटे कवचातल्या उभ्या छिद्रांतून ते वर पोचवतात. कार्बोनेटचा भाग काही पाण्यातून आणि काही प्राण्याच्या स्वतःच्या श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून येतो. जो वायू एरवी उच्छ्वासात टाकून द्यायचा, त्याचेच कवच होते. या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते कल्ल्यांतून बाहेर टाकावे लागते. भोवतीचे पाणी आधीच आम्लधर्मी असेल तर हे अवघड जाते. कॅल्शियम पुरेसे असूनही आम्लधर्मी पाण्यात कवच नीट धरत नाही ते म्हणून.

पहिल्यांदा जमते ते कॅल्शियम कार्बोनेट स्फटिकरूप नसते. ते अस्ताव्यस्त, सहज विरघळणारे असते. पुढे त्यातले बरेचसे कॅल्साइटच्या स्फटिकांत बदलते. काही मात्र मुद्दाम तसेच ठेवले जाते आणि मॅग्नेशियम व फॉस्फेट त्याला तसे राहायला मदत करतात. सहज विरघळणारे खनिज पुढच्या कातीच्या वेळी परत काढून घ्यायला सोपे. प्राणी आज बांधत असतानाच उद्याच्या मोडणीची सोय करून ठेवतो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. सर्वांत जाड असा आतला थर तर कातीनंतरच विणला जातो आणि विणता विणता त्यात खनिज भरले जाते. लहान कोळंबी एक-दोन दिवसांत सावरते, मोठ्या खेकड्याला पुरती जाडी यायला काही आठवडे लागतात. सांध्यांवरचा पडदा मात्र कधीच खनिज घेत नाही, नाहीतर हालचालच थांबली असती.

आता कर्जतच्या पाण्याकडे येतो. इथला दगड दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या वजनात कॅल्शियम ऑक्साइड दहा टक्क्यांच्या आसपास असते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या दगडावर काम करते, तेव्हा पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही येतात, म्हणजे कवचाला लागणारा सगळा माल. माथेरानच्या माथ्यावर मात्र जांभा आहे. अतोनात पावसाने त्यातले कॅल्शियम केव्हाच धुऊन गेले आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिले. एकाच डोंगरावर वर राहणाऱ्या आणि पायथ्याला राहणाऱ्या चिंबोरीला म्हणूनच सारखे पाणी मिळत नाही.

त्यात कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पडतो तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसल्यातच जमा. नेमक्या याच दिवसांत बिळातली चिंबोरी बाहेर पडते, भरपूर खाते, वाढते आणि कात टाकते. खाणे सर्वांत जास्त आणि पाणी खनिजाने सर्वांत विरळ, असा हा पेच आहे. त्यातून वाट काढण्याचा एक उपाय खाण्यात आहे. चिंबोरी गोगलगायी फोडून खाते आणि स्वतःची टाकलेली कातही खाते. कातीत उरलेले कॅल्शियम वाया जाऊ देणे तिला परवडत नाही. पिल्लांचा मार्गही वेगळा आहे. समुद्री खेकड्यांची पिल्ले पाण्यावर तरंगत वेगवेगळी रूपे घेत वाढतात. ओढ्यातल्या चिंबोरीच्या मोठ्या अंड्यांतून थेट इवल्या चिंबोऱ्याच निघतात आणि काही काळ आईच्या पोटाखालच्या पट्टीत राहतात. पावसाच्या तोंडाला अशा पिल्लांनी भरलेल्या माद्या दिसतात.

सह्याद्रीत या चिंबोऱ्यांचे किती प्रकार आहेत याची नोंद अजून वाढतेच आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे समीर कुमार पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘घाटियाना’ ही नवी प्रजाती २०१४ साली मांडली आणि तिच्यात त्यानंतर आणखी जातींची भर पडली. रंगीत, लहान, एखाद्याच घाटात किंवा सड्यावर सापडणाऱ्या या जाती. ज्या जातीचे सगळे जग एका डोंगराएवढे आहे, तिच्यासाठी त्या डोंगराच्या पाण्यातले खनिज हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

कर्जतचे आणखी एक वेगळेपण सांगायला हवे. भिवपुरीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ पासून घाटावरच्या आंध्रा खोऱ्यातले पाणी खाली सोडते. जे पाणी इंद्रायणीतून भीमेला मिळून पूर्वेला गेले असते, ते वीज देऊन पेज नदीत आणि राजनाल्याच्या कालव्यात येते, आणि त्यावर इथे उन्हाळी भात पिकतो. एरवी एप्रिलमध्ये कोरडे पडले असते असे काठ त्यामुळे ओले राहतात आणि तिथली बिळेही.

पाण्यातले खनिज आणि कवच यांच्या नात्याचा पडताळा माणसाने पाळलेल्या कोळंबीवरून मिळतो. भारतात व्हॅनामी कोळंबीच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली. रायगडच्या खारजमिनींपासून हरियाणापर्यंत ती पसरली. हरियाणाच्या खाऱ्या भूजलात कॅल्शियम असते, पण पोटॅशियम फार कमी, आणि तेवढ्यामुळे कोळंबी मरायची. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने अशा पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम केले आहे. आज अशा तळ्यांत पोटॅश आणि मॅग्नेशियम मिसळून पाणी तयार करतात. आपल्याकडे तळ्यात चुना आणि डोलोमाइट टाकतात तेही पाण्यातले खनिज आणि आम्लता सांभाळण्यासाठीच. गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीची पिल्ले मात्र निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात दाखवले आणि तिथून तिची शेती शक्य झाली. तिला फार जड पाणीही सोसत नाही, वाढ खुंटते आणि पाठीवर पुटे चढतात. कॅल्शियम जितके जास्त तितके चांगले, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो.

एका गोष्टीची काळजी मला हे पुस्तक लिहिताना सतत वाटत राहिली. भातावरच्या तुडतुड्यांसाठी बुप्रोफेझिन फवारतात. डासांच्या अळ्यांसाठी डायफ्लुबेन्झुरॉन वापरतात. ही दोन्ही औषधे कायटिन तयार होण्याची क्रिया बंद पाडतात. कीटक कात टाकतो आणि नवे कवच न जमल्यामुळे मरतो. माणसाच्या शरीरात कायटिन नाही, म्हणून ती तुलनेने सुरक्षित मानली जातात. चिंबोरी आणि कोळंबी यांचे कवच कायटिनवरच उभे आहे, आणि डायफ्लुबेन्झुरॉन पाण्यातल्या कवचधारी जीवांना अत्यंत विषारी आहे हे सिद्ध झालेले आहे. भाताच्या खाचरातले पाणी उतारावरून ओढ्यात येते. तुडतुडे वाढतात ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा त्या ओढ्यात, त्याच बांधात, कोणीतरी मऊ अंगाने दगडाखाली बसलेले असते. फवारणी करूच नये असे मी म्हणत नाही, शेतकऱ्याचे पीक जाताना मी पाहिले आहे. पण औषध निवडताना ते कशावर काम करते एवढे बाटलीवर मराठीत ठळक छापलेले असावे, आणि फवारणीनंतर काही दिवस खाचराचे तोंड बंद ठेवावे, एवढा आग्रह जरूर धरतो.

पुढच्या प्रकरणांत आधी कवचाची रचना, मग कातीचे टप्पे, मग कर्जत-खालापुरातल्या ओढ्यांचे आणि त्यांतल्या जीवांचे वर्णन आहे. शाळेतल्या मुलांना करता येतील अशी निरीक्षणे शेवटच्या प्रकरणात दिली आहेत. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. काचेच्या भांड्यात ओढ्याचेच पाणी, आडोशाला एक दगड आणि नदीतल्या दोन-तीन लहान कोळंब्या एवढे पुरे. कात दिसली की मुलांनी तिला हात लावू नये, कोळंबी तिचे काय करते ते बघावे आणि वेळ लिहून ठेवावी. ओढ्यावर दगड उलटून मऊ चिंबोरी सापडली तर दगड होता तसाच ठेवावा आणि शेजारी पडलेली कातही उचलू नये, तिला ती अजून खायची असते.